हिरव्या ठिपक्याची बशी

नागपूरच्या नंदनवनातलं आमचं घर पाडून तिथे फ्लॅट स्कीम उभी करायचं ठरलं, तेव्हा सगळ्यात शेवटी रिकामी झाली ती समोरच्या खोलीतली, भिंतीतली शोकेस. पलंग गेला, लोखंडी कूलर भंगारवाल्याने नेला, गोदरेजचं कपाट चौघांनी मिळून उतरवलं. शोकेसला मात्र हात लावायला कोणी तयार नव्हतं. तिच्या काचा इतक्या वर्षांत खाचेत अशा रुतल्या होत्या, की एक सरकवली की दुसरीही सोबत यायची. भाऊ म्हणाला, "यातलं तुला हवं ते ने, बाकीचं देऊन टाकू." देऊन टाकू म्हणणं सोपं, पण घेणार कोण? स्टील मोडीत जातं, पितळेला बरा भाव येतो. चिनी मातीकडे भंगारवालाही बघत नाही.

आमची पिढी या शोकेससमोर वाढली. महाल भागातल्या वाड्यांमधून जी घरं नंदनवनच्या प्लॉटांवर राहायला आली, त्यांना इथे पहिल्यांदाच 'समोरची खोली' मिळाली. वस्तीचं नाव नंदनवन आणि बाभळीपलीकडे झाड नाही, अशी तेव्हाची अवस्था. केडीके इंजिनिअरिंग कॉलेज आलं १९८४ साली. त्याआधी तिकडे संध्याकाळनंतर जायला आम्हाला बंदी होती. पण घरात शोकेस होती, शोकेसमध्ये टी-सेट होता आणि टी-सेटवर गुलाबी फुलं होती. बाग तेवढी.

तो सेट १५ नगांचा. सहा कप, सहा बशा, एक किटली, एक दुधाचं भांडं, एक साखरेचं. आता आपल्याकडे चहा म्हणजे पाणी, दूध, साखर, पत्ती आणि आलं गंजात एकत्र उकळून गाळायचा. त्यात किटलीला काम काय? सबंध महाराष्ट्रात अशा किती किटल्या एकही थेंब चहा न पाहता म्हाताऱ्या झाल्या असतील, कोण जाणे. आमच्या किटलीत विजेची बिलं असत, साखरेच्या भांड्यात सेफ्टीपिना, दुधाच्या भांड्यात दिवाळीला शेवंती. साहेबाच्या टेबलासाठी घडलेल्या भांड्यांना आमच्या आयांनी शांतपणे आपल्या कामाला लावलं होतं.

आता माझ्याकडे किटली नाही. मग आहेत, आणि ते कोणाचेच भाऊबंद नाहीत. एकावर मुलाच्या कंपनीचं नाव, एकावर नातीचा फोटो, एक कुठल्याशा मॅरेथॉनचा, जिथे नवरा फक्त टोपी घ्यायला गेला होता. प्रत्येकाचा मग ठरलेला आणि प्रत्येकाची चहाची वेळही वेगळी. सहा जणांनी एका वेळी चहा प्यायचा प्रसंगच येत नाही, तर सहाचा सेट घेऊन करायचं काय?

तेव्हा तो प्रसंग फाटकाच्या आवाजावर यायचा. फाटक वाजलं की आई खिडकीतून बघायची. काकू किंवा शेजारचं कोणी असेल तर स्टीलचे कप. बाबांच्या ऑफिसातलं कोणी, व्याही किंवा मुलगी पाहायला आलेली मंडळी असतील तर दबक्या आवाजात, "शोकेसमधले काढ गं." मग काच अडखळत सरकायची आणि त्या आवाजावरून पाहुण्यांनाही आपली पत कळायची. कप आधी कोमट पाण्यातून काढायचे, बाबांच्या जुन्या धोतराच्या फडक्याने पुसायचे, बशीत कपाचा कान उजवीकडे ठेवायचा. आणि तो ट्रे स्वयंपाकघरातून समोरच्या खोलीपर्यंत न्यायचा. अंतर असेल वीस पावलांचं. मधे एक उंबरठा. मला तो ट्रे पहिल्यांदा मिळाला तेव्हा मी सातवीत होते. बशांवर कप किणकिणत होते आणि मागून आई श्वास रोखून बघते आहे हे मला पाठीला कळत होतं. मॅट्रिकला फर्स्ट क्लास मिळाला तेव्हाही मला इतकं मोठं झाल्यासारखं वाटलं नव्हतं.

हे लिहिताना गळा भरून यायच्या आधी दुसरी बाजू सांगितलेली बरी. त्या फुलांच्या कपातून आईला चहा पिताना मी कधी पाहिलं नाही. ती पाहुणे गेल्यावर गंजात उरलेला चहा पुन्हा गरम करून स्टीलच्या पेल्यातून घ्यायची. आणि सेटमधला एक कप, ज्याचा कान तुटला होता, तो शोकेसमध्ये नव्हताच. तो मागच्या खिडकीच्या बाहेर, कठड्यावर पालथा असायचा, भांडी घासायला येणाऱ्या बाईसाठी. तिने तो आपणच विसळायचा आणि आपणच पुन्हा पालथा ठेवायचा. ज्या शहरात १९५६ साली लाखो माणसांनी दीक्षाभूमीवर उभं राहून जुनं सगळं नाकारलं, त्याच शहरात आमच्या सुशिक्षित घरांच्या खिडक्यांवर असे कप होते. आणि आम्ही मुलं त्याला 'बाईंचा कप' म्हणायचो, जणू तिला तो भेट दिला होता.

आज माझ्याकडे कामाला येणारी ताई माझ्याचसारख्या मगमधून, ओट्याशी उभी राहून चहा घेते. बस म्हटलं तर म्हणते, "पाच घरं आहेत बाई, बसून कसं होईल?" कप एक झाला, वेळ मात्र एक झाली नाही. तरी हे बरंच बरं आहे, यात मला शंका नाही.

मुळात चिनी माती आपल्या घरात सुखासुखी आलीच नाही. पितळ चिंचेने घासलं की शुद्ध. मातीचं भांडं एकदा बाटलं की बाटलं. मग ही चकचकीत माती कुठल्या रांगेत बसवायची? त्यातून ती साहेबाची. १८९०च्या ऑक्टोबरात पुण्याच्या पंचहौद मिशनमध्ये टिळक, रानडे आणि इतर मंडळींपुढे चहा-बिस्किटं ठेवली गेली. कोणी घेतला, कोणी नुसता हात लावला. गोपाळराव जोशांनी नावं छापून आणली आणि कपभर चहावरून पुण्यात प्रायश्चित्तापर्यंत प्रकरण गेलं. त्यानंतर शंभर वर्षांच्या आत तोच कप आमच्या शोकेसमध्ये देवघरापेक्षा जास्त जपला जात होता.

आमच्या आजीने मात्र आपला निवाडा स्वतःच केला होता. ऐंशीच्या सुमाराला आईने भिशीच्या पैशातून बोन चायनाचे सहा कप आणले, कडेला सोनेरी रेघ असलेले. आजीने एक कप उजेडाकडे धरला. पलीकडची बोटं दिसत होती. "बोन म्हणजे काय रे?" तिने विचारलं. खोलीत शांतता पसरली. त्या मातीत जवळजवळ निम्मी जनावरांच्या हाडांची राख असते हे बाबांना ठाऊक होतं. आजी कांदासुद्धा चातुर्मासात खात नसे. बाबा वर्तमानपत्रातून डोकं न काढता म्हणाले, "कंपनीचं नाव आहे." आजी जाईपर्यंत त्याच कपातून चहा प्यायली. बशीत ओतून, फुंकर घालून. म्हणायची, यात चहा हलका लागतो.

तेव्हा बशी पालथी करून वाचायची एक रीत होती. बेंगॉल पॉटरीज, ग्वाल्हेर पॉटरीज, खुर्जा. 'मेड इन जपान' निघालं तर यजमानीणबाईकडे बघायची नजर बदलायची. आताही मी दुकानात बशी पालथी करते. तिथे लिहिलेलं असतं की ही मायक्रोवेव्हमध्ये चालेल, डिशवॉशरमध्ये चालेल. गाव मात्र कुठलं ते सापडत नाही.

शोकेसच्या सगळ्यात वरच्या फळीवर एक थाळी उभी होती. निळी, पांढऱ्यावर निळ्या चित्राची. आजोबा रेल्वेत होते. कुठल्याशा साहेबाने विलायतेला परत जाताना सामान विकलं, त्यातून ती आठ आण्यांत आली असं घरात सांगत. तिच्यावर एक पाण्याकडे झुकलेलं झाड, एक पूल, पुलावर तीन माणसं, एक नाव, नावेत नावाडी, पलीकडे चढत्या छपरांची इमारत, तिच्यामागे फळांनी लगडलेलं झाड आणि वर आकाशात दोन पक्षी. आजी आम्हाला जेवताना ती थाळी दाखवून गोष्ट सांगायची. पुलावरचे तिघे म्हणजे राम, सीता, लक्ष्मण. नावेतला गुह. ती इमारत रामटेकचा गड आणि पाणी म्हणजे अंबाळा तलाव. आकाशातले दोघे ते क्रौंच पक्षी, ज्यांच्यावरून वाल्मीकींना श्लोक सुचला. आणि फळांचं झाड? "संत्र्याचं. नागपूर आहे नं बाप्पा." आम्हाला त्यात काहीच वावगं वाटत नसे. लक्ष्मणाच्या हातात चाबूक का, एवढंच भाऊ विचारायचा आणि आजी म्हणायची, "धनुष्य आहे ते, नीट पाह्य."

पुढे कळलं की या चित्राला 'विलो पॅटर्न' म्हणतात आणि जगभर त्याच्या थाळ्या आहेत. गोष्ट अशी, की बड्या चिनी अधिकाऱ्याची मुलगी बापाच्या कारकुनाच्या प्रेमात पडते, दोघं पुलावरून पळतात, मागे चाबूक घेतलेला बाप आणि शेवटी प्रेमिकांचे पक्षी होतात. वाचून मी खट्टू झाले. आजीची गोष्ट खोटी निघाली. मग आणखी वाचलं तेव्हा कळलं की चित्रच मुळी चीनमधलं नाही. चिनी मालाची नक्कल करून अठराव्या शतकाच्या शेवटी इंग्लंडमध्ये ते घडवलं. आणि गोष्ट तर त्याच्याही नंतरची, १८४९ साली तिथल्या एका मासिकात छापलेली. म्हणजे चित्र आधी आणि कथा मागाहून, जशी ज्याला सुचली तशी. यात आमची आजी कुठे कमी पडली?

थाळीची एक खूण तिनेच दाखवली होती. काठावरची नक्षी गोल फिरत येते आणि एका जागी अडखळते. अर्ध्या फुलाला भलत्याच फुलाचा अर्धा भाग येऊन भिडतो. "इथं कारागिराला डुलकी लागली," आजी म्हणायची. खरं तर तांब्याच्या पत्र्यावर कोरलेलं चित्र पातळ कागदावर छापून तो कागद थाळीवर चिकटवत. कागदाची दोन टोकं जिथे भेटतात तिथे हा सांधा. भाचीने परवा तसल्याच निळ्या थाळ्या ऑनलाइन मागवल्या, भिंतीवर लावायला. 'विंटेज' म्हणाली. मी काठावरून बोट फिरवलं. सांधा कुठेच नाही. सुबक आहेत, हे मान्य केलंच पाहिजे. पाचशे रुपयांत कोणाला डुलकी हवी असते?

शोकेस रिकामी करताना मोजलं. १५ नगांच्या सेटचे उरले होते ९. हिशेबात मात्र निघाले १०. एक बशी जास्त होती. फुलं तशीच, गुलाबी, पण पालथी केली तर खाली हिरवा ठिपका.

ठिपक्यांची गोष्ट आताच्या मुलांना सांगावी लागते. तेव्हा कोणाच्याच घरात वीस माणसांपुरते कप नसत. साक्षगंध असो की बारसं, शेजारून कपबशा यायच्या. स्टीलवर नावं कोरलेली असत, आहेर देणाऱ्याच्या नावासकट. चिनी मातीवर कोरणार कसं? म्हणून बशीच्या पोटाला नेलपॉलिशचा ठिपका. आमचा गुलाबी, शेजारच्या काकूंचा बहुतेक हिरवा, मागच्या ओळीत कोणाचा तरी निळा. कार्य झालं की रात्री आम्ही मुली फरशीवर बसून ठिपक्यांप्रमाणे बशा वेगळ्या करायचो, पत्त्यांसारख्या. आता केटरर येतो, कागदी कप येतात, सगळं काळ्या पिशवीत जातं. भांडण नाही, फुटतूट नाही, दुसऱ्या दिवशी कोणाच्या दारात जायचं कारणही नाही. फुटतूट झाली की काय व्हायचं तेही आठवतं. आईने एका तडकलेल्या कपावरून एका घराशी दीड वर्ष अबोला धरला होता.

ती बशी घेऊन मी काकूंकडे गेले. त्या अजून त्याच ओळीत आहेत, एका फ्लॅट स्कीमच्या दुसऱ्या मजल्यावर, लेकाकडे. वय ८७. म्हटलं, "काकू, तुमची एक बशी आमच्याकडे राहिली होती. पस्तीस वर्षं तरी झाली असतील."

त्यांनी चष्मा शोधला, बशी पालथी केली, खिडकीशी नेली.

"ही आमची नव्हे गं. आमचा लाल. अन् हिरवी नेलपॉलिश तेव्हा होती तरी का कोणाकडे? हा ऑइल पेंट आहे."

मीही नखाने खरवडून पाहिलं. खरंच ऑइल पेंट. दाराला लावून उरलेला असणार.

"हिरवं फाटक कोणाचं होतं?" काकूंनी विचारलं.

आम्ही तिघांची नावं घेतली. एक घर विकून पुण्याला गेलं. एकाचं फाटक मला निळं आठवत होतं, काकूंना पिवळं. तिसऱ्यांकडे कपबशाच नव्हत्या, असं काकू ठामपणे म्हणाल्या, पण त्यांचं त्या घराशी कधीच पटलं नव्हतं. चहा आला, मगमध्ये. काकूंनी सुनेची पाठ वळल्यावर थोडा त्या अनोळखी बशीत ओतला, फुंकर घातली आणि प्यायल्या.

निघताना बशी धुऊन, पुसून त्यांनी आत नेली. परत आणली तेव्हा तिच्यात संत्रा बर्फीचे चार तुकडे होते.

"अहो काकू, आमचीही नाही ती."

"म्हणून काय झालं? रिकामी कशी देऊ?"