अशेरीच्या तळ्याकडे निघण्यापूर्वी

डोंगर पायांनी चढायचा असतो, हे खरे; परंतु त्याआधी काही दिवस तो वहीच्या पानावर चढावा लागतो. पानावरची ही चढण कोणाच्या नजरेस येत नाही आणि तिचे छायाचित्रही कोणी काढीत नाही. मात्र दिवस सुखाचा जाणार की घोराचा, हे पुष्कळदा तिच्यावरच ठरते. येत्या जानेवारीतल्या दुसऱ्या शनिवारी आम्ही अकराजण अशेरीगडावर जाणार आहोत. त्या निमित्ताने वहीची बरीच पाने भरली आणि काही गोष्टी मनात स्पष्ट झाल्या, त्या येथे मांडीत आहोत.

वसईकरांना अशेरी परकी नाही. मुंबई–अहमदाबाद महामार्गावर मनोरचा मस्तान नाका मागे टाकला की खोडकोना गाव लागते आणि त्याच्या पाठीशी हा गड उभा दिसतो. उंची सुमारे ५०० मीटर. सोळाव्या शतकाच्या मध्यानंतर तो पोर्तुगिजांकडे गेला आणि वसईच्या मोहिमेत, १७३७–३९ च्या काळात, मराठ्यांनी घेतला. पोर्तुगीज राजचिन्ह कोरलेला दगड गडावर आजही पाहावयास मिळतो. आपल्या वसईच्या कोटात ज्या खुणा आपण लहानपणापासून पाहत आलो, त्यांचीच एक सोयरी खूण त्या रानात आहे. माथ्यावर कातळात खोदलेली पाण्याची टाकी आहेत, देवीची गुहा आहे आणि गुहेजवळ एक लहानसे तळे आहे.

या तळ्याचा ध्यास आमच्या मोठ्या बंधूंनी घेतला आहे. त्यांनी तीस वर्षे एस. टी. चालविली. महामार्गावरून जाता-येता अशेरी रोज दिसे. पण हाती स्टिअरिंग आणि मागे पन्नास प्रवासी! डोंगराकडे मान वळवून पाहण्याचीही मुभा नव्हती. वर तळे आहे, एवढे एका सहप्रवाशाने सांगितलेले त्यांच्या मनात राहिले. आज त्यांचे वय चौसष्ट आहे आणि हृदयाच्या रक्तवाहिनीत स्टेंट बसवून दोन वर्षे झाली आहेत. त्यांना न्यावे की नेऊ नये, यावर घरात दोन तट पडले. वहीचे पहिले पान याच प्रश्नाने भरले.

भावनेने सुटणारा हा प्रश्न नव्हता, म्हणून आम्ही त्यांना त्यांच्या डॉक्टरांकडे घेऊन गेलो. ट्रेडमिलवरची चाचणी झाली. डॉक्टरांनी चालण्यास संमती दिली. मात्र घाई नको, दम लागताच थांबायचे, छातीत दडपण वाटले तर तेथूनच मागे फिरायचे, अशा अटी घातल्या. त्यांनी लिहून दिलेली जिभेखाली ठेवण्याची गोळी बंधूंच्या आणि आमच्या, अशा दोन्ही खिशांत राहील.

पुढचा प्रश्न ऋतूचा. पावसाळ्यात कातळावर शेवाळ धरते आणि पाय ठरत नाही. एप्रिल-मे महिन्यांत साग-ऐनांची पाने गळून रान उघडे पडते व दगड तापतात. म्हणून जानेवारी निवडला. शनिवार अशासाठी, की रविवारची मिस्सा चुकू नये आणि दुखऱ्या पायांना एक दिवस विसावा मिळावा.

मग वेळेचे गणित आले. विल्यम नाइस्मिथ या स्कॉटिश गिर्यारोहकाने १८९२ मध्ये एक ठोकताळा सांगितला, तो आजही वापरात आहे: तीन मैल चालीला एक तास आणि दर दोन हजार फूट चढाईला आणखी एक तास. या हिशेबाने अशेरीचा माथा दीड-पावणेदोन तासांत यावा. परंतु हा ठोकताळा धडधाकट, सरावलेल्या माणसाचा आहे. आमच्यात नऊ वर्षांची एक मुलगी आहे, गुडघेदुखीच्या वहिनी आहेत आणि बंधू आहेत. आम्ही तो वेळ सरळ दुप्पट धरला. साडेसातला खोडकोना, दहाच्या आत खिंड, अकरा-साडेअकरापर्यंत माथा. त्या दिवसांत सूर्य सव्वासहाच्या सुमारास मावळतो, पण दाट झाडीत अंधार त्याआधीच उतरतो. म्हणून एक नियम ठळक लिहून ठेवला: बाराच्या ठोक्याला जेथे असू तेथून परत, मग तळे शंभर पावलांवर का असेना.

हा नियम वाचून तरुण मंडळी नाराज झाली. एकाने विचारले, ‘‘इतकं जाऊन तळं बघायचंच नाही?’’ आम्ही उत्तर देण्याआधी बंधूच म्हणाले, ‘‘तीस वर्षं गाडी वेळेवर सोडली. आता वेळेवर फिरवू. तळं काय पळून जातंय?’’ त्यानंतर वाद झाला नाही.

खिंडीपर्यंतची वाट रानातली, दगडधोंड्यांची आणि चढी आहे. खरी कसोटी त्यापुढे, माथ्याजवळच्या कातळाच्या टप्प्यावर. तेथल्या शिडीची आणि वाटेची स्थिती गावात विचारूनच पुढे जायचे आणि गावातलाच एक वाटाड्या सोबत घ्यायचा, असे ठरले. त्याची मजुरी आधीच बोलून ठेवायची; त्याच्या रानात आपण पाहुणे आहोत.

यादीतली इतर कलमे साधी आहेत. प्रत्येकाजवळ तीन लिटर पाणी. तांदळाच्या भाकऱ्या, सुकटीची चटणी, उकडलेली अंडी आणि आगाशीची सुकेळी. थकल्या जिवाला सुकेळ्यासारखा आधार नाही. अंगभर कपडे, पकड असलेले बूट, एक शिटी, दोन विजेऱ्या. अत्तर आणि धूर वर्ज्य, कारण अशा कड्यांवर आग्या माशांची पोळी असू शकतात. सर्पदंश झाला तर चिरायचे नाही, आवळून बांधायचे नाही. माणसाला शक्य तितके निश्चल ठेवून १०८ क्रमांकाला कळवायचे. प्रतिविष कोणत्या रुग्णालयात मिळते, याची चौकशी आधीच करून ठेवायची. भाड्याची गाडी दिवसभर गावातच थांबेल. देवीच्या गुहेत पायताण काढून जायचे. आणि तळ्यात कोणीही उतरायचे नाही. आमची मुले विहिरीत पोहायला शिकलेली, म्हणून हे कलम दोनदा लिहिले. अनोळखी पाण्याचा तळ आणि गाळ पोहणाऱ्यालाही कळत नाही.

शेवटचे कलम मात्र कोणत्याही यादीत सापडत नाही. सर्वांच्या पुढे बंधू चालतील आणि त्यांचीच चाल ती सर्वांची चाल. मागे पडलेल्या माणसाला गाठण्यासाठी धावावे लागते. पुढे असलेला माणूस आपल्या श्वासाने चालू शकतो. खिंडीत पोहोचल्यावर त्यांना दम लागला, तर ते तेथेच सावलीत थांबतील. त्यांच्याजवळ कोण थांबणार, हा प्रश्न निघाला तेव्हा बैठक क्षणभर गप्प झाली. आम्ही आमचे नाव लिहिले.

हे त्यागाचे प्रदर्शन नव्हे. थांबणारा माणूस आधी ठरला नाही, तर तो खिंडीत, सर्वांच्या अधीर नजरांसमोर ठरतो. आणि ज्याच्यासाठी कोणी नाइलाजाने थांबले, तो माणूस दुसऱ्याचा दिवस वाया जाऊ नये म्हणून छातीतली कळ लपवून चढत राहतो. आमच्या मते डोंगरातला सर्वांत मोठा धोका हाच. आपल्यामुळे कोणाचे काही अडत नाही, याची खात्री असलेला माणूस वेळेवर ‘पुरे’ म्हणू शकतो. ही खात्री त्याला आधी, घरी बसून, द्यावी लागते.

बेत आखणे म्हणजे माथा गाठण्याची हमी मिळविणे नव्हे. कोणी कशावर पाणी सोडायचे, हे मन शांत असताना ठरविणे होय. हे कलम बंधूंना वाचून दाखविले. ते बराच वेळ काही बोलले नाहीत. मग वही ओढून घेऊन यादीत त्यांनी आपल्या हाताने एक ओळ वाढविली: खिंडीत बसायला एक सतरंजी, दोघांपुरती.