संध्याकाळचा पंप आणि चौविहार



आमच्या किकवीत भाताची खाचरं पाण्याने भरली की माझी छाती वाजायला लागते. दमा जुनाच. रोज दोन वेळा पंप घ्यायचा, हे ठरलेलं. पण 2021 साली दुसऱ्या लाटेनंतर टीव्हीवर सारखी काळी बुरशी. स्टिरॉइडमुळे होते म्हणे. जाऊबाईंनी माझ्या पंपाचं खोकं वाचलं. "अगं, बुडेसोनाइड म्हणजे स्टिरॉइडच की!" झालं, पंप मसाल्याच्या डब्यामागे गेला. पर्युषण आलंच होतं, मनाला तपाचं निमित्तही मिळालं.

चौथ्या दिवशी प्रतिक्रमणात शब्दच फुटेना. ती रात्र नेबुलायझरवर काढली, वर पाच दिवस गोळ्या.

डॉक्टर रागावले नाहीत, हिशेब मांडला. मी बी.कॉम., मला आकड्यांतच कळतं. पंपाच्या एका फवाऱ्यात 200 मायक्रोग्रॅम. दिवसाचे दोन म्हणजे 400, अर्धा मिलिग्रॅमसुद्धा नाही. गोळ्या मात्र रोज 40 मिलिग्रॅम. औषधं वेगळी, त्यामुळे तुलना तंतोतंत नाही. पण थेंब टाळायला गेले आणि कळशी प्यावी लागली, एवढं कळलं. शिवाय पंपाचं औषध बहुतेक फुप्फुसातच काम करतं, गोळी सगळ्या अंगभर फिरते. बुरशीने गाठलं ते मुख्यतः साखर ताब्यात नसलेल्यांना, त्यातही ज्यांना स्टिरॉइड जास्त प्रमाणात किंवा जास्त दिवस दिलं गेलं त्यांना. याच औषधाने माणसं वाचलीही. 2020 मध्ये ब्रिटनच्या रिकव्हरी चाचणीत डेक्सामेथासोन रोज 6 मिलिग्रॅम, फार तर दहा दिवस दिलं, तेव्हा ऑक्सिजनवरच्या रुग्णांचे मृत्यू कमी झाले. ज्यांना ऑक्सिजन लागत नव्हता, त्यांना फायदा दिसला नाही.

आता आपल्या घरची अडचण. पंपानंतर चूळ भरून थुंकावीच लागते, नाहीतर तोंडात पांढरा थर येतो, आवाज बसतो. चौविहार घेतल्यावर चूळ कशी भरणार? मी कितीतरी वर्षं चूळच टाळत होते, आणि घसा का बसतो म्हणून मध चाटणाऱ्यांचे सल्ले ऐकत होते (मध आपल्याला चालतो का!). आता सकाळचा पंप नवकारशी आल्यावर, संध्याकाळचा सूर्यास्ताआधी, उकळलेल्या पाण्याच्या चुळीसकट. पण रात्री दम लागलाच, तर तातडीचा पंप तेव्हाच घ्यायचा. पच्चक्खाणात आजारपणासाठी आगार असतो. महाराजसाहेबांना विचारलं तर तेही हेच म्हणाले.

आणि स्टिरॉइडच्या गोळ्या बरेच दिवस चालू असतील तर अट्ठाईसाठी परस्पर बंद करू नका. तोवर शरीराने स्वतःचं कॉर्टिसॉल बनवणं कमी केलेलं असतं. गोळी एकदम सुटली की चक्कर, उलट्या, बीपी उतरणं, जिवावरही बेतू शकतं. डॉक्टर ती हळूहळू उतरवतात. म्हणून तप ठरवण्याआधी त्यांना भेटा, पच्चक्खाण नंतर.

यंदा मी बियासणं करतेय. सहा वाजले की जाऊबाईच हाक मारतात, "पंप झाला का गं?"