चावी आणि वही

कसबा पेठेत सकाळ उजाडते ती आधी कानांना कळते. गणपतीच्या देवळातील घंटा, तांबट आळीच्या बाजूने येणारे ठोक्यांचे तालबद्ध आवाज आणि बोळातून वाट काढणाऱ्या दुचाकींचे भोंगे. पुण्यातील या सर्वांत जुन्या पेठेचे रस्ते ज्या काळात आखले गेले, त्या काळात मोटार नावाची वस्तू कोणाच्या स्वप्नातही नव्हती. तरीही २००९ साली, निवृत्तीला एक वर्ष उरले असताना, येथील एका गृहस्थांनी चारचाकी घेतली. चिंचवडच्या कारखान्यात तीस-बत्तीस वर्षे कंपनीच्या बसने जाऊन आलेल्या माणसाची ती एकमेव हौस होती. जुन्या वाड्याच्या जागी उभ्या राहिलेल्या त्यांच्या इमारतीत वाहन लावण्यास जागा नव्हती, म्हणून नदीकडच्या बाजूला महिना भाड्याने जागा घेतली. गाडीची चावी देवघराजवळच्या खुंटीवर लटकत असे.

२०२४ च्या जून महिन्यातील गोष्ट. गृहस्थांचे वय तेव्हा बहात्तर. कुंभारवाड्याजवळ गाडी मागे घेत असताना शाळेचे दप्तर लावलेला एक मुलगा अचानक मागून धावत गेला. त्यांचा पाय ब्रेकवर पडला, पण क्षणभर उशिरा. मुलगा सुखरूप निसटला. गाडीचा मागचा भाग मात्र रस्त्याकडेला मांडलेल्या माठांना लागला आणि दोन माठ फुटले. गृहस्थांनी घाईघाईने पाकीट काढले. माठांची मालकीण शांतपणे म्हणाली, "काका, मडकीच फुटली, बरं झालं. मडकी पुन्हा घडवता येतात."

घरी येऊन त्यांनी पत्नीला फक्त गाडीला चरा पडल्याचे सांगितले. पण ते वाक्य त्यांच्या मनातून जाईना. रात्री दिवा विझवला की तो धावणारा मुलगा दिसे.

त्याच सुमारास समोरच्या बिऱ्हाडातील कर्ते पुरुष झोपेतच गेले. त्यांच्या पत्नीचे दुःख सर्वांनी पाहिले. नंतरची वणवण फार थोड्यांनी पाहिली. मुदतठेव एकट्या पतीच्या नावावर, तिला नामनिर्देशन नाही. लॉकर कोणत्या शाखेत आहे हे ठाऊक नाही. विम्याचा हप्ता कधी भरला गेला, घरपट्टीची पावती कोठे आहे, विजेचे बिल कोणाच्या मोबाइलवर येते, कशाचाच पत्ता नाही. चाळीस वर्षे संसार चोख करणारी ती माउली प्रत्येक खिडकीवर अडाणी ठरत होती.

एके संध्याकाळी भाजी निवडता निवडता घरातील बाईंनी विचारले, "अहो, उद्या मला कोणी असंच विचारलं, तर मी काय सांगू?"

"मी आहे ना," गृहस्थ वर्तमानपत्रातून मान न काढता म्हणाले.

"आहात, म्हणूनच विचारते. नसाल तेव्हा कोणाला विचारू?"

त्या प्रश्नाला उत्तर नव्हते. दुसऱ्या दिवशी त्यांनी कोपऱ्यावरच्या दुकानातून दोनशे पानी वही आणली. एक गोष्ट मात्र बाईंनी ठरवून टाकली : सांगायचे त्यांनी, लिहायचे आपण. स्वतःच्या हाताने लिहिलेलेच पुढे सापडते आणि समजते, हे त्यांना ठाऊक होते.

पहिल्या पानावर निवृत्तिवेतन आले. कर्मचारी पेन्शन योजनेचे वेतन तुटपुंजे असते, हे खासगी कारखान्यांतून निवृत्त झालेल्या लाखो कुटुंबांना ठाऊक आहे. २०१४ पासून त्याची किमान मर्यादा दरमहा १,००० रुपये आहे. गृहस्थांना २,४०० रुपये मिळत. पतीच्या पश्चात पत्नीला साधारण त्याच्या निम्मे मिळते, हे बाईंना त्या दिवशी प्रथमच कळले. लिहिता लिहिता त्यांचे पेन थांबले. "म्हणजे बाराशे," एवढेच त्या म्हणाल्या. घर पेन्शनवर नव्हे, तर साठवलेल्या पुंजीच्या व्याजावर चालले आहे, ही गोष्ट त्या एका आकड्याने दोघांसमोर लख्ख मांडली.

मग पुंजीकडे वळणे भागच होते. बहुतेक रक्कम एकाच सहकारी बँकेत होती. अर्धा टक्का व्याज अधिक आणि व्यवस्थापक ओळखीचे, एवढीच कारणे. पुण्याने या बाबतीत महागडा धडा पूर्वीच घेतला आहे. १९१२ साली स्थापन झालेल्या रुपी को-ऑपरेटिव्ह बँकेवर रिझर्व्ह बँकेने फेब्रुवारी २०१३ मध्ये निर्बंध आणले आणि सप्टेंबर २०२२ मध्ये तिचा परवाना संपुष्टात आला. मधली नऊ वर्षे पेठांतील कितीतरी वृद्ध ठेवीदारांनी स्वतःच्याच पैशांकडे दुरून पाहत काढली. ठेवविम्याची मर्यादा फेब्रुवारी २०२० मध्ये एक लाखावरून पाच लाख झाली आणि निर्बंध आल्यापासून नव्वद दिवसांत विम्याची रक्कम देण्याची तरतूद २०२१ साली झाली. हा दिलासा मोठा खरा. पण पाच लाखांत मुद्दल आणि व्याज दोन्ही धरले जाते आणि एका बँकेच्या सर्व शाखांतील ठेवी एकत्र मोजल्या जातात. तीन शाखांत तीन पावत्या केल्या म्हणून विमा तिप्पट होत नाही.

ठेवींची मुदत जसजशी संपली, तसतशी रक्कम हलवण्यात आली. त्या बँकेत व्याजासह पाच लाखांच्या आत बसेल एवढेच ठेवले. मोठा भाग पोस्टातील ज्येष्ठ नागरिक बचत योजनेत गेला. २००४ साली सुरू झालेल्या या योजनेची मर्यादा एप्रिल २०२३ पासून पंधरा लाखांवरून तीस लाख झाली आहे. त्या वेळी व्याजदर ८.२ टक्के होता. खाते उघडताना जो दर असतो, तो पाच वर्षे बदलत नाही. दहा लाखांवर दर तिमाहीला २०,५०० रुपये हाती येतात. मुदतीपूर्वी पैसे काढले तर मात्र कात्री लागते : वर्षाच्या आत काढल्यास व्याजच मिळत नाही, दुसऱ्या वर्षात मुद्दलातून दीड टक्का आणि त्यानंतर एक टक्का कापला जातो. म्हणून आजारपणासाठी सहा महिन्यांच्या खर्चाएवढी रक्कम दोघांच्या संयुक्त बचत खात्यात वेगळी ठेवली. खाते 'दोघांपैकी कोणीही' चालवू शकेल असे करून घेतले. बाईंनी एटीएम कार्ड स्वतः वापरून पाहिले. पहिल्यांदा बोट चुकले, दुसऱ्यांदा पाचशेच्या चार नोटा हातात आल्या. त्या दिवशी त्यांच्या चालण्यात वेगळाच डौल होता.

तिसरे प्रकरण वारसाचे. नामनिर्देशन केले म्हणजे सगळे झाले, असा गृहस्थांचा समज होता. वस्तुतः ज्याचे नाव दिले, तो पैसे स्वीकारतो. मालकी कायदेशीर वारसांचीच राहते. १९५६ चा हिंदू उत्तराधिकार कायदा जैन कुटुंबांनाही लागू आहे. मृत्युपत्र नसेल, तर त्यानुसार पत्नी, मुलगे आणि मुली यांना समान वाटा मिळतो आणि मृताची आई हयात असल्यास तिलाही तेवढाच. राहते घर त्यांच्या एकट्याच्या नावावर होते. मुले गुणी आहेत, यात शंका नव्हती. पण उद्या घराचा निर्णय तिघांच्या सह्यांवर अवलंबून राहणार आणि त्यातली एक सही बंगळुरूची असणार, हेही खरे होते. मृत्युपत्राला मुद्रांक शुल्क लागत नाही, नोंदणीची सक्ती नाही. दोन साक्षीदारांच्या सह्या मात्र अनिवार्य आहेत. ज्यांना काही मिळणार आहे, त्यांना साक्षीदार करू नये, एवढे पथ्य पाळायचे. तरीही त्यांनी ते नोंदवून घेतले आणि मुलगा व मुलगी सुटीत आल्यावर दोघांना वाचून दाखवले. घर आधी आईचे, मग दोघांचे समान. मुलगी म्हणाली, "बाबा, हे आधी सांगितलंत ते बरं केलंत." मुलगा काही बोलला नाही, रात्री त्याने वडिलांचे पाय चेपले.

वहीत मोटारीचे पान शेवटी आले, कारण गृहस्थ ते टाळत होते. बाईंनीच नवे पान काढून वर 'गाडी' असे लिहिले. वर्षभरात गाडी धावली ९६० किलोमीटर. जागेचे भाडे १८,००० रुपये, विमा ५,०००, दुरुस्ती आणि बॅटरी मिळून ९,०००, ऐंशी लिटर पेट्रोलचे ८,३२०. एकूण ४०,३२० रुपये. म्हणजे किलोमीटरला बेचाळीस. रिक्षाला पहिल्या दीड किलोमीटरला पंचवीस आणि पुढे किलोमीटरला सतरा रुपये पडत. शिवाय नोव्हेंबरमध्ये गाडीला पंधरा वर्षे पूर्ण होत होती. पुनर्नोंदणीचे शुल्कच एप्रिल २०२२ पासून सहाशेवरून पाच हजारांवर गेले आहे. पर्यावरण कर आणि तपासणीपूर्वीची डागडुजी त्यापुढे. नूतनीकरण मिळते तेही पाचच वर्षांचे.

"परवाना अजून दोन वर्षे चालू आहे," गृहस्थ म्हणाले. पंचावन्नच्या पुढे परवाना पाच-पाच वर्षांसाठीच मिळतो आणि त्याला डॉक्टरांचा दाखला लागतो, हे त्यांना अर्थातच ठाऊक होते.

बाई काही बोलल्या नाहीत. तेव्हा गृहस्थांनी स्वतःहून कुंभारवाड्यातील हकिगत सांगितली. मुलाची, ब्रेकची आणि त्या क्षणभराच्या उशिराची. सांगताना त्यांचा आवाज कापत होता. परवान्यावरची तारीख सरकारची असते. आपल्या नजरेची आणि पायाची मुदत कधी संपली, हे ज्याचे त्यालाच ओळखावे लागते. बाई ऐकून घेऊन एवढेच म्हणाल्या, "दिग्व्रत नुसतं पुस्तकात वाचायचं असतं का? कुठवर जायचं, हे आपणच आखून घ्यायचं."

सप्टेंबरमध्ये गाडी विकली गेली. येथेही वही कामी आली. खरेदीदाराने पैसे दिले आणि गाडी नेली, एवढ्याने व्यवहार संपत नाही. नोंदणीपुस्तकावर जुनेच नाव राहिले, तर उद्याच्या अपघाताची नोटीस जुन्या मालकाच्या दारी येते. म्हणून हस्तांतराच्या अर्जांवर सह्या केल्या, विमा कंपनीला कळवले, फास्टॅग बंद केला आणि परिवहन खात्याच्या नोंदीत नवे नाव दिसेपर्यंत पाठपुरावा सोडला नाही. गाडी बोळाच्या तोंडाशी वळली, तेव्हा गृहस्थ खिडकीत उभे होते. खुंटी रिकामी झाली होती. संध्याकाळी बाईंनी तिच्यावर जपमाळेची पिशवी अडकवली.

योगायोग असा, की थोड्याच दिवसांत, २९ सप्टेंबर २०२४ रोजी, जिल्हा न्यायालय ते स्वारगेट हा भुयारी मेट्रोमार्ग सुरू झाला आणि कसबा पेठ हे त्यावरील स्थानक झाले. ज्या पेठेत मोटार उभी करायला जागा नव्हती, तिच्या पोटातून गाडी धावू लागली. सरकत्या जिन्याची बाईंना प्रथम धास्ती वाटली. मग उद्वाहकाची सवय झाली.

वाचलेल्या पैशांतून पहिला खर्च घरात झाला. न्हाणीघरात भिंतीला धरायची दांडी बसली, निसरड्या फरशीवर खरखरीत पट्टे आले, जिन्यावर आपोआप लागणारा दिवा लागला. म्हातारपणी मोडलेले खुब्याचे हाड किती महाग पडते, हे शेजारच्या वाड्यात दोघांनी पाहिले होते. ऑक्टोबर २०२४ च्या अखेरीस सत्तरीपुढील सर्वांसाठी, उत्पन्न कितीही असले तरी, वर्षाला कुटुंबामागे पाच लाखांपर्यंत उपचारांची आयुष्मान योजना खुली झाली. गृहस्थांचे कार्ड काढून त्याचा क्रमांकही वहीत गेला. हयातीचा दाखला मोबाइलवर चेहरा दाखवून देता येतो, हे मुलीने शिकवले. आणि शेवटच्या पानावर बाईंनी लाल शाईने लिहिले : 'फोनवर कोणालाही ओटीपी सांगायचा नाही. पोलीस फोनवर अटक करत नाहीत. फसल्यास लगेच १९३०.'

मागच्या वर्षी, १ नोव्हेंबर २०२५ पासून, बँक खात्यावर चार जणांपर्यंत नामनिर्देशन करता येऊ लागले, तेव्हा ही बातमी गृहस्थांना पत्नीने वाचून दाखवली. बँकेत जाऊन अर्जही त्यांनीच आणला. त्या दिवशी त्या एकट्याच कसबा पेठ स्थानकातून मेट्रोने स्वारगेटच्या शाखेत गेल्या होत्या. दोन तास होऊन गेले, तरी परत आल्या नाहीत, तेव्हा गृहस्थ स्थानकाच्या दाराशी जाऊन उभे राहिले.

बाई वर आल्या, त्यांना पाहून हसल्या. "काळजी करत होतात?"

"छे," गृहस्थ म्हणाले, "सहज आलो होतो."

पिशवीतून वही डोकावत होती. ती त्यांनी हातात घेतली आणि दोघे पायीच घराकडे निघाले. वाटेत कुंभारवाड्यात नवे माठ मांडलेले होते. गृहस्थांनी एक विकत घेतला.