९७ जोडण्या

प्रवेशअर्ज भरण्याचा शेवटचा दिवस होता. सकाळी अकराच्या सुमारास एका मुलीच्या वडिलांचा फोन आला. तालुक्याच्या गावी नेट कॅफेत बसून तिनं तीनदा फॉर्म भरला होता आणि तिन्ही वेळा 'सबमिट' दाबल्यावर ५०० चा एरर आला होता. मी म्हणालो, "सर्व्हरवर लोड आहे, थोड्या वेळानं करा." काहीही न तपासता बोललो.

फोन ठेवला आणि टीममधल्या ज्युनिअर मुलीवर सगळ्यांसमोर खापर फोडलं. "तुझ्या रिपोर्टच्या क्वेरीनं टेबल अडकवलंय." ती हळूच म्हणाली, "दादा, तो रिपोर्ट रात्री दोनला चालतो." मी ऐकून न ऐकल्यासारखं केलं. हे मला अजून डाचतं.

लोड नव्हताच. लॉगमध्ये आमचा डेटाबेस, पोस्टग्रेस, सांगत होता की उरलेल्या जागा राखीव आहेत. पोस्टग्रेसमध्ये बदल न करता १०० जोडण्या मिळतात, त्यातल्या ३ सुपरयूजरसाठी बाजूला. म्हणजे आमच्या जँगोच्या वाट्याला ९७. राखीव जागेवरून आत शिरून पाहिलं तर जोडण्यांच्या यादीत ९७ ओळी आणि बहुतेकांपुढे 'आयडल'. काम फारसं कुणाचं चालू नव्हतं, पण जागाही कुणी सोडत नव्हतं.

याला कारण असलेली सेटिंगची ओळ मीच लिहिली होती. जँगोत जोडणीचं आयुष्य मुळात शून्य सेकंद असतं. विनंती संपली की जोडणी बंद. दर वेळी नवी जोडणी उघडण्यात वेळ जातो म्हणून मी तिथं 'नन' लिहिलं, म्हणजे कधीच बंद करू नको. पानं झटपट उघडू लागली आणि मी पुढचा विचार थांबवला. प्रत्येक थ्रेड आपली वेगळी जोडणी धरतो हे मला माहीत होतं, तरी गुणाकार केला नाही. तीन सर्व्हर, प्रत्येकावर गनिकॉर्नचे चार वर्कर, प्रत्येकात आठ थ्रेड: ९६. शिवाय पावत्या पाठवणाऱ्या सेलरीच्या चार प्रोसेस. एरवी गर्दी नसायची, बरेचसे थ्रेड सुरूच व्हायचे नाहीत, म्हणून दोन महिने काही जाणवलं नाही.

मग घाईत मर्यादा ५०० केली. त्यासाठी डेटाबेस रीस्टार्ट करावा लागतो. तेव्हा ज्यांचे फॉर्म सबमिट होत होते, तेही गेले. जागा आहेत म्हणून थ्रेडही आठाचे बत्तीस केले. पोस्टग्रेसमध्ये प्रत्येक जोडणी म्हणजे एक स्वतंत्र प्रोसेस. मशीनची मेमरी संपली, स्वॅप सुरू झाला आणि जे थोडंफार चालत होतं तेही रखडलं. दुपारी सगळं पूर्ववत केलं, 'नन' काढलं आणि मधे जोडण्या वाटून देणारा पीजीबाउन्सर बसवला.

त्या रात्री दोनला तिचा रिपोर्ट पडला. पीजीबाउन्सर मी ट्रान्झॅक्शन मोडमध्ये ठेवला होता. त्यात प्रत्येक ट्रान्झॅक्शनला वेगळी जोडणी मिळू शकते, त्यामुळे डेटाबेसवर उघडलेला कर्सर पुढच्या खेपेला सापडत नाही. जँगोत असे कर्सर बंद करायची सेटिंग आहे. ती मी वाचली नव्हती. तिनं वाचली आणि मी उठायच्या आत दुरुस्ती करून ठेवली.

अर्जाची मुदत एक दिवस वाढवून मिळाली. सकाळच्या मीटिंगमध्ये, आदल्या दिवशी जे हजर होते त्या सगळ्यांपुढे मी सांगितलं की दोन्ही चुका माझ्या होत्या, तिची क्वेरी पहिल्यापासून बरोबर होती. ती काही बोलली नाही. नंतर मी त्या वडिलांना फोन लावला.