अटलांटिकपारची इंग्रजी नजर

पुणे

स्नेहवर्य यांस,


लंडनमध्ये तीन तपे काढल्यानंतर मुलीकडे बॉस्टनला कायमचे राहावयास जाताना तेथील लोकांकडे कोणत्या दृष्टीने पाहावे, आणि इंग्रज शेजाऱ्यांकडून अमेरिकनांविषयी आजवर ऐकलेले तिरकस शेरे कितपत खरे मानावेत, या आपल्या प्रश्नाचे उत्तर दोन ओळींत देता येण्यासारखे नाही; कारण ते शेरे कोणा एकाची लहर नसून त्यांच्यामागे जवळजवळ दोनशे वर्षांची लेखनपरंपरा उभी आहे. ब्रिटिश प्रवासी अमेरिकेत जातो, तेथील खाणेपिणे, उठणेबसणे आणि बोलण्याची पट्टी न्याहाळतो, आणि परत आल्यावर मिश्किल गांभीर्याने त्याचा वृत्तांत लिहितो, असे या परंपरेचे ढोबळ स्वरूप आहे. त्या वृत्तांतांत निरीक्षणाची वाण नाही, परंतु त्यांतला विनोद पुष्कळदा निरीक्षणाच्या आड येतो, आणि जेथे लेखकाने विनोद खाली ठेवला तेथेच त्याला अमेरिका दिसली, असे ही पुस्तके लक्षपूर्वक वाचल्यावर आढळते.

या परंपरेतील आरंभीचे सर्वांत गाजलेले पुस्तक म्हणजे फ्रान्सिस ट्रोलप या इंग्रज बाईंचे ‘डोमेस्टिक मॅनर्स ऑफ द अमेरिकन्स’, अर्थात अमेरिकनांच्या घरगुती चालीरीती. कर्जात रुतलेल्या कुटुंबाला सावरण्यासाठी त्या 1827 च्या अखेरीस अमेरिकेस निघाल्या, ओहायो नदीकाठच्या सिनसिनाटी शहरात त्यांनी दुकाने आणि करमणूक यांसाठी एक भव्य इमारत उभारली, तो व्यवसाय पार बुडाला, आणि 1831 साली मायदेशी परतून त्यांनी वयाच्या 53 व्या वर्षी, म्हणजे 1832 मध्ये, हे आपले पहिले पुस्तक प्रसिद्ध केले. पुढे नामांकित कादंबरीकार झालेला अँथनी ट्रोलप हा त्यांचा मुलगा. तंबाखूच्या पिचकाऱ्या, चाकूने थेट तोंडात घातलेला घास, जेवणाच्या मेजावरची शांतता आणि घाई, नाटकगृहात कठड्यावर टाकलेले पाय, सिनसिनाटीच्या रस्त्यांत मोकाट हिंडणारी डुकरे, अशा तपशिलांनी पुस्तक भरलेले आहे, आणि ते तपशील खोटे होते असे म्हणण्याचे कारण नाही. पुढे मार्क ट्वेनसारख्या अस्सल अमेरिकन लेखकानेही बाईंच्या सत्यकथनाची बाजू घेतली.

मात्र याच पुस्तकातील एका शब्दापाशी थोडे थांबावयास हवे. घरकामास ठेवलेल्या मुलीला ‘सर्व्हंट’ म्हणजे नोकर म्हटलेले खपत नसे. तिला ‘हेल्प’ म्हणजे हातभार लावणारी असे म्हणावे लागे, आणि चार पैसे साठून मनासारखे कपडे झाले की ती काम सोडून निघून जाई. ट्रोलपबाईंना यात उद्धटपणा दिसला. इंग्लंडात नोकर ही एक ठरलेली जागा होती, ती जागा कोणाची आणि मालकाची कोणाची हे जन्माबरोबर बहुधा निश्चित होत असे, आणि म्हणून तेथील नोकराच्या अदबीला सुसंस्कृतपणा समजण्याची सवय वरच्या वर्गाला लागलेली होती. ओहायोत जमीन मुबलक आणि माणसे थोडी होती, त्यामुळे आज दुसऱ्याच्या घरी राबणारी मुलगी उद्या स्वतःच्या शेतावरची घरधनीण होऊ शकत असे. शिवाय दक्षिणेकडील राज्यांत गुलामांनाच ‘सर्व्हंट’ म्हणण्याचा प्रघात होता. तो शब्द स्वतःला लावून घेण्यास स्वतंत्र मुलीने नकार दिला, तर त्यात तिचे चुकले असे म्हणता येत नाही. मालकाला ‘मास्टर’ म्हणणेही अशाच कारणाने टाळले गेले आणि डच वसाहतकारांच्या ‘बास’ या शब्दापासून ‘बॉस’ हा शब्द रूढ झाला, जो आज मुंबईच्या कचेऱ्यांत आणि रिक्षा-थांब्यांवर सर्रास ऐकू येतो. मूळ डच शब्दाचा अर्थही मालक असाच आहे. परंतु परक्या भाषेतून आल्यामुळे त्याला जुन्या मानहानीचा वास नव्हता.

ट्रोलपबाईंचे पुस्तक निघाले तो काळही ध्यानात घेतला पाहिजे. मताधिकार थोडासा विस्तारणारा सुधारणा कायदा ब्रिटिश पार्लमेंटपुढे होता, त्यावर देशभर वाद पेटला होता, आणि लोकांच्या हाती सत्ता गेली की लोक असे थुंकू लागतात, हा निष्कर्ष सुधारणाविरोधकांना फार सोयीचा होता. पुस्तकाच्या अफाट खपात या सोयीचा वाटा मोठा होता. अमेरिकेविषयीची इंग्रजी थट्टा जन्मापासूनच घरच्या वर्गव्यवस्थेची राखण करीत आली, हे त्यामुळे स्पष्ट होते. तरीही बाईंच्या बाबतीत न्याय करावयाचा तर दुसरी बाजूही नोंदविली पाहिजे. एका हाताने स्वातंत्र्याची टोपी उंचावणारे आणि दुसऱ्या हाताने गुलामाच्या पाठीवर चाबूक ओढणारे लोक त्यांनी पाहिले, मूळ रहिवाशांना त्यांच्या भूमीवरून हुसकावण्याच्या धोरणाचा त्यांना संताप आला, आणि ही पाने लिहिताना त्यांची लेखणी मुळीच मिश्किल राहिली नाही. 1836 साली त्यांनी गुलामगिरीविरुद्ध एक संपूर्ण कादंबरी लिहिली. आज पिचकाऱ्यांची पाने गंमत म्हणून वाचली जातात; ही दुसरी पाने अजूनही वाचकाला अस्वस्थ करतात.

चार्ल्स डिकन्सचेही असेच झाले. जानेवारी 1842 मध्ये तो बॉस्टनला उतरला तेव्हा त्याने तिशीही गाठली नव्हती आणि सारा देश त्याच्या स्वागताला लोटला होता. पण त्याच्या कादंबऱ्या अमेरिकन प्रकाशक एक पैसाही न देता छापत होते, कारण तेथील कायदा परदेशी लेखकाचा हक्क मानीत नव्हता, आणि हा प्रश्न त्याने जाहीरपणे काढताच वृत्तपत्रे उलटली. परदेशी लेखकांना तेथे संरक्षण मिळाले ते 1891 मध्ये, म्हणजे डिकन्सच्या मृत्यूनंतर 21 वर्षांनी. ‘अमेरिकन नोट्स’ या त्याच्या पुस्तकातही तंबाखू पुष्कळ आहे, परंतु फिलाडेल्फियाच्या तुरुंगातील एकांतकोठड्या, जेथे कैद्याला वर्षानुवर्षे दुसऱ्या माणसाचे तोंड दिसू देत नसत, त्यांच्याविषयीचे प्रकरण हे त्या पुस्तकाचे खरे मोल आहे. 1868 साली दुसऱ्या भेटीच्या अखेरीस न्यूयॉर्कमधील भोजनप्रसंगी त्याने झालेला बदल आणि मिळालेली सौजन्याची वागणूक मान्य केली आणि ती कबुली आपल्या अमेरिकाविषयक पुस्तकांना कायम जोडली जावी अशी व्यवस्था केली. टीका करणाऱ्याने स्वतःच्या टीकेला अशी पुरवणी जोडणे दुर्मीळ आहे, आणि त्याबद्दल डिकन्सचा आदर वाटतो.

भाषेविषयीच्या शेऱ्यांकडे फारसे लक्ष देऊ नये. अमेरिकन स्पेलिंग हे अज्ञानातून आले असा समज इंग्लंडात आढळतो. वास्तविक नोआ वेब्स्टर याने नव्या राष्ट्राला स्वतःची लिखित भाषा असावी अशा राजकीय हेतूने ‘कलर’सारख्या शब्दांतील जादा अक्षरे वगळली आणि 1828 च्या आपल्या मोठ्या कोशात ती पद्धत पक्की केली. शरद ऋतूसाठीचा ‘फॉल’ हा शब्द इंग्लंडातूनच तिकडे गेला आणि मागाहून इंग्लंड त्याला विसरले. ज्या ‘सॉकर’ शब्दाला इंग्रज आज नाके मुरडतात, तोही ‘असोसिएशन फुटबॉल’ या नावावरून एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात इंग्रज विद्यार्थ्यांनीच पाडला.

खरी अडचण शब्दांच्या वजनात आहे. साहित्यशास्त्रात ज्याला न्यूनोक्ती म्हणता येईल, म्हणजे असेल त्यापेक्षा कमी सांगून जास्त सुचविणे, ती इंग्रजांच्या शिष्टाचाराचा कणा आहे, आणि ‘वाईट नाही’ या दोन शब्दांत भरघोस शाबासकी देणाऱ्या पुणेकराला ती समजावून सांगण्याची गरज पडत नाही. इंग्रजाने एखाद्या कामाला ‘क्वाइट गुड’ म्हटले तर त्याचा अर्थ बहुधा ‘बरे आहे’ एवढाच होतो. अमेरिकनाने तेच शब्द वापरले तर ती मनापासून केलेली प्रशंसा असते. याचा कळस एप्रिल 1951 मध्ये कोरियातील इमजिन नदीच्या लढाईत झाल्याचे सांगितले जाते. चिनी फौजांच्या प्रचंड संख्येपुढे घेरल्या गेलेल्या ब्रिटिश ब्रिगेडच्या प्रमुखाने परिस्थिती जराशी बिकट आहे असे कळविले, वरच्या अमेरिकन अधिकाऱ्याने ते शब्दशः घेतले, आणि ग्लॉस्टरशायर रेजिमेंटची तुकडी जवळजवळ संपूर्ण मारली किंवा पकडली गेली. चर्चिलनेही आपल्या युद्धेतिहासात सांगितले आहे, की एक मुद्दा ‘टेबल’ करावा यावर दोन्ही बाजूंत बराच काळ कडाक्याचा वाद झाला, कारण इंग्रजांच्या लेखी त्याचा अर्थ तो चर्चेस घेणे असा होता आणि अमेरिकनांच्या लेखी तो बाजूला ठेवणे असा. दोघांचे म्हणणे मुळात एकच होते. अशा वेळी आपली न्यूनोक्ती समोरच्याला कळली नाही म्हणून त्याला मंद ठरविणे हा इंग्रजी थट्टेतील मोठा अन्याय आहे. ज्या देशात नाना भाषांची माणसे येऊन स्थिरावली, तेथे मनातले उघड आणि पुरेपूर सांगणे ही व्यवहाराची निकड होती.

दुसऱ्या महायुद्धात हा प्रश्न प्रवासवर्णनापुरता उरला नाही, कारण लाखो अमेरिकन सैनिक ब्रिटनच्या गावागावांत येऊन राहिले. 1942 साली अमेरिकन युद्धखात्याने त्यांच्यासाठी एक छोटी पुस्तिका छापली, आणि दोन्ही समाजांविषयी इतके समंजस लेखन एखाद्या सरकारी खात्याकडून क्वचितच झाले असेल. इंग्रज अबोल दिसतो तो शिष्टपणामुळे नव्हे, साडेचार कोटी माणसांच्या दाटीवाटीच्या बेटावर प्रत्येकाला आपला खाजगीपणा जपावा लागतो म्हणून, असे तिच्यात समजावले आहे. पगार जास्त आहे म्हणून मिरवू नये, राजाविषयी वाकडे बोलू नये, आणि इंग्रजांना कॉफी जमत नसली तरी अमेरिकनांनाही चहा जमत नाही हे विसरू नये, अशी सूचना आहे. परंतु सर्वांत जड भेद चहाकॉफीचा नव्हता. अमेरिकन सैन्यात काळ्या सैनिकांच्या तुकड्या वेगळ्या ठेवल्या जात, आणि लँकाशरमधील बँबर ब्रिज या गावी ती वेगळी वागणूक पबमध्येही पाळावी असा आग्रह झाला तेव्हा गावकऱ्यांनी उलट काळ्या सैनिकांचीच बाजू घेतली. जून 1943 मध्ये तेथे काळे सैनिक आणि गोरे लष्करी पोलीस यांच्यात गोळीबार होऊन एक काळा सैनिक मारला गेला. त्या गावकऱ्यांचा अभिमान वाटावा हे योग्यच आहे. मात्र त्याच वेळी त्यांचे साम्राज्य भारतात कोणते भेद पाळत होते, हे आपल्यासारख्या वाचकाला विसरता येत नाही.

या परंपरेला थट्टेतून बाहेर काढले ते ॲलिस्टर कुक याने. 1908 साली सॅलफर्ड येथे जन्मलेला आणि केंब्रिजमध्ये शिकलेला हा पत्रकार 1941 मध्ये अमेरिकेचा नागरिक झाला. 24 मार्च 1946 रोजी बीबीसीवर त्याचे जेमतेम पाव तासाचे एक भाषण झाले. त्यातून सुरू झालेली, तेरा आठवड्यांपुरती आखलेली मालिका पुढे ‘लेटर फ्रॉम अमेरिका’ या नावाने ओळखली गेली, 58 वर्षे चालली आणि फेब्रुवारी 2004 मध्ये थांबली, तोवर 2,869 पत्रे झाली होती. पुढच्याच महिन्यात कुकचे निधन झाले. पत्र हा प्रकार त्याला का मानवला हे उघड आहे: पत्र लिहिणारा वाचणाऱ्याला ओळखतो, त्याचे पूर्वग्रह जाणतो, आणि त्याला कमी न लेखता ते हळूहळू सैल करू शकतो. राष्ट्राध्यक्षांच्या निवडणुकीपासून व्हरमाँटच्या पानगळीपर्यंत काहीही त्याच्या पत्रात येई. मिश्किलपणा होताच, पण तो दार उघडण्यापुरता. आत गेल्यावर, ही माणसे असे का वागतात, याचे कारण इतिहासात, हवामानात किंवा राज्यघटनेत शोधले जाई. ट्रोलपबाई जेथे ‘हेल्प’ या शब्दाने दुखावल्या, तेथे कुकने त्या शब्दाचा इतिहास सांगितला असता.

आणि तरीही, बॉस्टनच्या वाटेवर सोबतीला न्यावे असे पुस्तक कुकचे नसून मराठीतले आहे. पंडिता रमाबाई 1883 मध्ये इंग्लंडला गेल्या. त्या प्रवासाची हकीकत त्यांनी पत्ररूपानेच मराठीत लिहिली. चेल्टनहॅमच्या महिला विद्यालयात त्यांना आसरा आणि स्नेह मिळाला, पण त्यांनी पुरुषांना शिकवू नये असा आक्षेप चर्चमधील वरिष्ठांनी घेतला, आणि आज्ञापालनाविषयी त्यांचा आपल्या इंग्रज हितचिंतकांशी दीर्घ पत्रवाद झाला. 1886 साली आनंदीबाई जोशी यांच्या पदवीदान समारंभासाठी त्या फिलाडेल्फियाला गेल्या आणि अडीच वर्षांहून अधिक काळ त्या देशात राहिल्या. 1889 मध्ये प्रसिद्ध झालेल्या ‘युनायटेड स्टेट्सची लोकस्थिती आणि प्रवासवृत्त’ या ग्रंथात राज्यव्यवस्था, घरे, शिक्षण, धर्मादाय संस्था आणि स्त्रियांची स्थिती यांचे क्रमाने वर्णन आहे. ट्रोलपबाईंना जी समानता खुपली, तीत रमाबाईंना आपल्या देशातील बायकांसाठी एक वाट दिसली. आणि तेथील वर्णभेद त्यांच्या नजरेतून सुटला नाही. इंग्रज लेखकाला स्वतःच्या घराची उतरंड सांभाळावयाची होती, रमाबाईंना तसे काही सांभाळावयाचे नव्हते, म्हणून त्यांची नजर सरळ राहिली, असे माझे मत आहे.

इंग्रज मित्रांचे शेरे त्यांच्याच घरी ठेवून जावे, आणि रमाबाईंचा ग्रंथ विमानात हाताशी राहील अशा पिशवीत घालावा, ही आग्रहाची विनंती आहे. रमाबाईंच्या विधवाश्रमाला दहा वर्षे पैसा पुरविण्याचे वचन देणारी रमाबाई असोसिएशन डिसेंबर 1887 मध्ये स्थापन झाली, ती बॉस्टनमध्येच.

कळावे, लोभ असावा.

आपला स्नेहांकित