पहिल्या पुस्तकाआधी

मागच्या दोन अंकांत माझी कविता नव्हती. कुणी विचारलं, "काय कवी, आटलास काय?" आटलो नव्हतो. कादंबरी लिहीत होतो. आता लिहून झाली. २१२ पानांचं बाड झालंय, गिरणीतल्याच सुतानं शिवलेलं.

पुस्तक अजून झालेलं नाही. तरी हे लिहितोय. कारण तुमच्यातल्या चार-पाच जणांच्या ट्रंकेत असलंच बाड पडून आहे, हे मला ठाऊक आहे. मी कुठं ठेचाळलो ते तुम्हाला आधीच कळलेलं बरं.

मी सूतगिरणीत रिंगखात्यात आहे. नववीत शाळा सुटली. आधी इचलकरंजीत मागावर होतो, मग इकडं आलो. एका साच्यावर हजाराच्या वर चात्या फिरतात. कुठला धागा तुटला ते बघत फिरायचं, तुटला की सांधायचा, पुढं जायचं. रात्रपाळीला तीनच्या सुमाराला पंधरा मिनिटं चहाची मिळतात. ती मी लिहिण्याला दिली. खात्यात मोबाईल न्यायला बंदी, म्हणून जुन्या फॉर्मांच्या पाठकोऱ्या बाजूवर पेन्सिलीनं लिहायचो. कानात साच्याचा आवाज, नाकात कापसाचं तूस. घरी आल्यावर झोपायच्या आधी वहीत उतरवायचं. असं तीन वर्षं चाललं.

मध्येच वाटायचं, हे आपलं काम आहे काय? कादंबरी लिहायची तर घर पाहिजे, खोली पाहिजे, टेबल पाहिजे. मग वस्तीतल्या वाचनालयात बसून एकच शोधत राहिलो : आपल्या माणसांची पहिली पुस्तकं आली तरी कुठून?

अण्णा भाऊ साठे वाटेगावहून घरच्यांबरोबर पायी मुंबईला आले. शाळा दीड दिवसाची. दुकानांच्या पाट्या, सिनेमाची पोस्टरं वाचत वाचत अक्षरओळख पक्की केली. मिळेल ती कामं केली, गिरणीतही राबले. कादंबरीकार म्हणून नाव होण्याआधी ते शाहीर होते. लाल बावटा कलापथक, पोवाडे, लोकनाट्यं. म्हणजे वाचक मिळायच्या आधी त्यांना ऐकणारे मिळाले होते. 'फकिरा' १९५९ साली आली. ती त्यांनी बाबासाहेबांच्या लेखणीला अर्पण केली. १९६१ साली तिला राज्य सरकारचं पारितोषिक मिळालं. राहायला मात्र घाटकोपरचं चिरागनगर. टेबलाचा प्रश्न माझ्यापुरता तिथंच मिटला.

बेबीताई कांबळे फलटणला छोटं दुकान चालवायच्या. गिऱ्हाईक नसलं की पुड्या बांधायच्या रद्दीतलं वाचायच्या, लिहायच्या. लिहिलेलं घरच्या पुरुषांपासून लपवून ठेवलं, वीस वर्षं. 'जिणं आमुचं' आधी 'स्त्री' मासिकातून आलं, १९८६ साली त्याचं पुस्तक झालं. ती वीस वर्षं मी पुन्हापुन्हा मोजतो. मला निदान बाड लपवावं लागत नाही.

लक्ष्मण गायकवाड तर आमच्याच खात्यातले म्हणायचे. लातूरच्या सूतगिरणीत त्यांनी काम केलं, कामगारांची युनियन बांधली. 'उचल्या' १९८७ ला आलं, दुसऱ्या वर्षी साहित्य अकादमी. हे वाचलं त्या रात्री मी साच्याच्या अंगावर हात फिरवला. म्हणलं, बाबा रे, तुझ्यापुढनं बी माणूस पुस्तकापर्यंत जातो.

ह्यातली सगळीच पुस्तकं कादंबऱ्या नाहीत, हे मला कळतं. पण वाट तीच आहे. आधी माणसं, मग कागद, मग छापखाना. मी मात्र ही वाट उलटी चाललो.

माझी कादंबरी आजोबांवर आहे. ते मुंबईला गिरणीत होते, रिंगखात्यातच. त्यांच्या बापाच्या काळी आपल्या माणसाला विणाईखात्यात घेत नसत. धोट्यातला धागा तोंडानं ओढून काढावा लागायचा. आपल्या तोंडाचा धोटा दुसऱ्यानं तोंडाला लावायचा म्हणजे बाट! पगार विणाईत जास्त, आणि दार तिथंच बंद. १९२८ च्या संपाच्या वेळी बाबासाहेबांनी हे उघड मांडलं. आजोबा ही गोष्ट आम्हाला सांगायचे तेव्हा जेवणाचा घास हातात तसाच राहायचा.

मग १९८२ चा संप. १८ जानेवारीला सुरू झाला. अडीच लाखांच्या आसपास कामगार बाहेर पडले. संप मिटला असं कुणी कधी जाहीर केलंच नाही. आजोबा दीड वर्ष चाळीत राहिले, मग गावी परत. कादंबरी ह्या दीड वर्षाची आहे.

त्यात एक प्रकरण आहे. त्या संपात आज्जीनं चाळीत दारू विकली. दुसरीकडनं ट्यूबमधनं आणायची आणि ग्लासानं विकायची. आजोबा पंचशील पाळणारे. बिडीसुद्धा नाही. त्यांनी आज्जीच्या हातचं खाणं सोडलं. हे मला आत्यानं सांगितलं होतं. आज्जीला मी कधी विचारलं नाही. लाज वाटली. तिची की माझी, ते तेव्हा कळलं नाही.

बाड झालं. शहरातल्या एका डीटीपीवाल्याकडनं टाईप करून घेतलं, पानाला २५ रुपये. ओव्हरटाईमचे पैसे तिथं गेले. एका प्रकाशकाला पाठवलं. त्याच्या मशीनवर फॉन्ट उघडेना. माझ्या आजोबांच्या तोंडी चौकोन आणि प्रश्नचिन्हं आली. पुन्हा युनिकोडमध्ये करून पाठवलं. दोन महिन्यांनी फोन आला. "छान आहे. ५५ हजार भरा. ३०० प्रती काढू, त्यातल्या २०० तुम्ही उचला." माझ्या हातात महिन्याला १३ हजार येतात. मी गप्प बसलो. तो पुढं म्हणाला, "ते दारूचं प्रकरण आहे ना, ते जरा फुलवा. वाचकाला असलं लागतं."

फोन ठेवला आणि आपल्या एका कार्यकर्त्या मित्राकडं गेलो. त्यानं रात्रभर बसून बाड वाचलं. सकाळी म्हणाला, "सगळं बेस्ट आहे. ते दारूचं प्रकरण तेवढं काढ. आपल्या बायका दारू विकत होत्या असं आपणच छापायचं? उद्या हेच पान पुढं धरतील."

बघा मजा. एकाला ते प्रकरण फुगवून पाहिजे, दुसऱ्याला नकोच. आणि दोघांनाही आज्जी दिसत नव्हती.

मित्राला मी दोष देत नाही. 'बलुतं' १९७८ साली 'ग्रंथाली'नं काढलं, तेव्हा दया पवारांनाही आपल्यातल्याच लोकांनी बोल लावला होता. आपलीच घाण चव्हाट्यावर कशाला मांडली म्हणून. त्या पुस्तकात दगडू मारुती पवार आपलं जिणं दया पवारांना सांगतो. एकाच माणसाचे दोन भाग समोरासमोर बसलेत. ते वाचून मला वाटायचं, धाडस म्हणतात ते हेच. पण दगडूनं निदान स्वतःचं सांगितलं होतं. मी सांगत होतो आज्जीचं, आणि तेही तिला न विचारता. ह्याला धाडस म्हणत नाहीत.

त्या रविवारी सुट्टी होती. आज्जी दारात लसूण सोलत बसली होती. तिला वाचता येत नाही. मी म्हणलं, "आज्जे, तुझ्यावर एक लिहिलंय."

"वाच की मग. मोठ्यानं वाच, कान गेल्यात."

मी वाचलं. घसा सुकला. शेजारची बाई पाणी भरता भरता थांबली, तिला जा म्हणायचं धाडस झालं नाही. सोळा पानं वाचून संपली. आज्जी लसूण सोलतच होती.

"व्हय, इकली," ती म्हणाली. "मी कुटं न्हाई म्हणतीया? पर आठ म्हयनं लिव्हलंस, त्ये खोटं हाय. पाच. दिवाळी झाल्याव सुरू केली, आन जयंतीच्या आदल्या राती ट्यूब मोरीत रिकामी केली. चौदा एप्रिलला हात धुतल्यालं पायजेत म्हनून."

मी पेन्सिल घेतली.

"आन आज्यानं माझ्या हातचं खाल्लं न्हाई म्हंतोस. मग पाच म्हयनं त्यो जगला कशाव? वाऱ्याव? शेजारच्या खोलीतनं त्याला भाकरी यायची. त्या भाकरीचं पीठ मीच देत हुते. तिला सांगून ठेवलं हुतं, बोलू नगंस म्हनून."

"आजोबांना ठाऊक होतं?"

"मरस्तवर न्हाई. त्याचं शील त्यानं पाळलं, पोरं मी पाळली."

मित्रांनो, मी तीन वर्षं लिहीत होतो. तीन वर्षं माझ्या कादंबरीतला माणूस ताठ मानेनं उपाशी बसला होता. आणि खरी गोष्ट भिंतीपलीकडच्या परातीत होती.

मी बाड गुंडाळायला लागलो. आज्जी म्हणाली, "थांब. अजून एक. मुकादमाचं नाव हाय. जॉबरचं नाव हाय. चाळीतल्या कुत्र्याला सुदीक नाव दिलंस. मला काय म्हणलंस?"

मी पानं चाळली. सगळीकडं 'त्याची बायको'. सोळा पानांत एकदाही तिचं नाव नव्हतं. मी लाजेपायी नाव गाळलं होतं, आणि मनाला सांगत होतो की तिची अब्रू राखतोय.

"माझं नाव घाल," ती म्हणाली. "दारू इकली त्ये बी माझ्या नावानं, आन पीठ दिलं त्ये बी माझ्या नावानं."

ते नाव ह्या पानावर लिहीत नाही. ते पुस्तकात येईल, पहिल्याच ओळीत.

प्रकरण पुन्हा लिहिलं. एक प्रकरण बदलल्यावर पुढचीही हलली, जसा एक धागा सुटला की शेजारचे चार ओढ खातात. सहा महिने गेले. मित्राला पुन्हा वाचायला दिलं. तो बराच वेळ काही बोलला नाही. मग म्हणाला, "माझी आई संपाच्या वेळी काय करत होती, मी कधी विचारलंच नाही." प्रकरण काढ असं पुन्हा म्हणाला नाही.

प्रकाशकाला मी नाही कळवलं. सगळेच प्रकाशक तसले असतात असं म्हणत नाही. पण पैसे भरून 'लेखक' हा शिक्का घ्यायचा नाही, एवढं ठरवलं. 'ग्रंथाली'नं जी वाट पाडली होती तीच आपल्या आवाक्यातली वाटली : वाचकानं आधी पैसे भरायचे, पुस्तक स्वस्तात त्याच्या हातात. शहरातला एक छापखाना ३६ हजारांत ३०० प्रती काढून देतो म्हणतोय. प्रत १५० रुपये धरली तर २४० नावं पाहिजेत. उरलेल्या ६० प्रती वाचनालयांना आणि ज्यांना परवडत नाही त्यांना.

दर रविवारी संध्याकाळी विहारात एक प्रकरण वाचतो. पहिल्या रविवारी अकरा जण होते, त्यातली चार पोरं खेळायला आलेली. आता बायका लवकर जेवण उरकून येतात. मधेच थांबवतात. "अरं, तवा गॅस नव्हता, ष्टोव्ह हुता." मी तिथल्या तिथं दुरुस्त करतो. इतके संपादक कुठल्या प्रकाशकाकडं असतील? वाचून झालं की वही फिरते. आजपर्यंत ६१ नावं झालीत. पहिलं नाव आज्जीचं. श्रावणबाळच्या पैशातनं तिनं १५० रुपये दिले आणि नावापुढं अंगठा उठवला. म्हणाली, "फुकट नगं. माझं पुस्तक हाय, मी इकत घेनार."

२४० होतील की नाही, मला सांगता येत नाही. गिरणीत पाळ्या कमी करायचं बोलणं चाललंय. उद्या माझाच नंबर लागला तर वही बाजूला ठेवून आधी काम शोधावं लागेल. पण तरी हे बाड आता कपाटात मरणार नाही. विहारात बसलेल्यांनी ते निम्मं तरी ऐकलंय.

तुमच्या ट्रंकेतल्या बाडाबद्दल मला एवढंच सांगायचंय. पुण्या-मुंबईला पाकीट पाठवायच्या आधी, ज्याच्यावर लिहिलंय त्याच्यापुढं बसा आणि मोठ्यानं वाचा. तो रागावेल, रडेल, नाहीतर तुमची चूक दाखवेल. आणि ज्या माणसाचं नाव तुम्ही गाळलंय, ते का गाळलं हे स्वतःला विचारा.

येत्या रविवारी नववं प्रकरण आहे. या. वही सोबत असेल.

जय भीम.