कोल्हा, खोकड आणि विलायती नाक

हिंगोली जिल्हा १ मे १९९९ रोजी परभणीतून वेगळा झाला. त्यापूर्वी जवळजवळ शंभर वर्षे आधीपर्यंत, म्हणजे १९०३ पर्यंत, हे गाव निजामाच्या खर्चाने चालणाऱ्या आणि इंग्रज अधिकाऱ्यांच्या हुकमतीखालील हैदराबाद कंटिन्जंटची छावणी होते.

हिंदुस्थानातल्या छावण्यांत गोरा अधिकारी आला की मागोमाग त्याची शिकारीची हौस येई. बोटीने आणलेला फॉक्सहाउंड हा मुळात नाकाचा कुत्रा. ओल्या गवतावर रेंगाळणाऱ्या वासावर तो कोसच्या कोस माग काढी. दख्खनमध्ये ऊन चढले की तो वासच विरून जाई. म्हणून शिकार हिवाळ्यात, दव वाळण्यापूर्वीच्या पहाटेला आली.

सावजही बदलले. इसापनीतीच्या भाषांतरांनी फॉक्सला ‘कोल्हा’ करून टाकले आहे, पण आपल्या रानातला कोल्हा म्हणजे जॅकल. फॉक्सचा देशी भाऊबंद तो खोकड. खोकड लहान, चपळ, क्षणात वळणारे. लांब दौड हवी असलेल्या घोडेस्वारांनी मग कोल्ह्यालाच फॉक्स मानले. कुत्रे मात्र उन्हाने आणि रोगांनी दगावत, आणि विलायतेहून नवी खेप मागवावी लागे. उटीच्या थंड हवेत असे श्वानपथक टिकले. पठारावर ती चैन नव्हती.

याच पठारावर एक जुना पाहुणा केव्हाच घरचा झाला होता: कारवानी. पश्चिम व मध्य आशियातील व्यापारी आणि सैनिकांबरोबर त्याचे पूर्वज आले, असे मानले जाते. सलुकीशी त्याचे साम्य उघड आहे. कान-शेपटीवर झुपकेदार केस असलेला तो पश्मी. फारसीत पश्म म्हणजे लोकर. कारवानीचे अंग मात्र आखूड केसांचे, छाती खोल, कंबर बारीक. तो नाकापेक्षा डोळ्यांवर धावतो, आणि काळ्या रानात उठलेला ससा दुरूनही दिसतो. अधिकाऱ्याने कुत्र्यासाठी वेळापत्रक बदलले. इथे पिढ्यान्‌पिढ्या कुत्राच बदलला. ज्याला ऊन सोसले नाही त्याची पिल्ले मागे उरली नाहीत. हे निर्दय आहे, पण या जुळवून घेण्याचे श्रेय कोणा एका संस्थानिकाला देणेही खरे नव्हे.

१९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानंतर शिकारीची दारे बंद होत गेली, आणि ते योग्यच झाले. कारवानीपुढे मात्र पुन्हा नवा मुलूख उभा राहिला: ज्यात सावजच नाही. मराठवाड्यात तो शेतवस्तीची राखण करतो, कित्येकदा साखळीला बांधलेला. ९ जानेवारी २००५ रोजी टपाल खात्याने चार देशी जातींची तिकिटे काढली. त्यांतल्या त्याच्या सख्ख्या भावाच्या तिकिटावर नाव आहे मुधोळ हाउंड.